बॅलन्सचं बटण

आमच्या इमारतीत लेव्हलकाकांना खऱ्या नावानं हाक मारणारं कोणी उरलेलं नाही. टपालवालासुद्धा पाकिटावरचं नाव वाचून बुचकळ्यात पडतो आणि मग म्हणतो, "म्हणजे लेव्हलकाकाच ना?" हयातभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्टचा तळ आणि मजल्याची फरशी एका रेषेत आली नाही, बोटाच्या पेराएवढी जरी खालीवर राहिली, तरी त्यांना जेवण जात नसे. एकदा ते आजारी भावाला भेटायला दवाखान्यात गेले आणि लिफ्टच्या उंबऱ्याशीच वाकून बसले. भेटीची वेळ तिथंच संपली. भाऊ खडखडीत बरा झाला, लिफ्ट मात्र तशीच आहे, हे ते अजून दुःखानं सांगतात.

काकांच्या अभिमानाचे विषय दोन. एक म्हणजे, त्यांच्या देखरेखीखालची लिफ्ट माणसांसकट कधी अडकली नाही. हे सगळे मान्य करतात. दुसरा म्हणजे, "आमच्या हिची रेकॉर्ड निघालेली आहे." हे मान्य करायला लोक थोडा वेळ घेत.

रेकॉर्ड निघाली होती हे खरं. काकू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्डावर बसून लोकांचे नंबर जोडून देत. निम्म्या शहरानं त्यांचा आवाज ऐकला होता आणि रस्त्यात त्यांना ओळखणारं एकही माणूस नव्हतं. ड्युटी संपल्यावर तिथल्या अकरा जणी मिळून गात, आणि एका वर्षी त्यांच्या गाण्याची तबकडी काढली गेली. कव्हरवर एक्स्चेंजची इमारत, मागच्या बाजूला जिन्यावर उभ्या असलेल्या अकरा बायका, आणि खाली नाव म्हणून फक्त 'एक्स्चेंजच्या गायिका'. पुढं नंबर जोडायचं काम यंत्रं करू लागली आणि गायिका आपापल्या स्वयंपाकघरात पांगल्या. काकूंनी त्यानंतर गाणं म्हटलेलं इमारतीत कोणी ऐकलं नाही.

काका मात्र रेकॉर्ड लावत राहिले. झाकणात एकच स्पीकर असलेली त्यांची जुनी पेटी होती, आणि अकरा जणी त्या एका जाळीतून गर्दी करून बाहेर पडत. काका मध्येच बोट वर करून म्हणत, "ही. आत्ता आली ती." पाहुणे मान हलवत. न हलवणारा माणूस एकच होता, काकूंचे मोठे भाऊ. त्यांना काका-काकू दोघंही दादा म्हणत. दादा वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. समोरच्याचं माप कमीच भरणार, या विश्वासावर त्यांची सगळी नोकरी पार पडली होती आणि निवृत्तीनंतरही तो विश्वास ढळला नव्हता.

"जावईबुवा," दादा म्हणत, "हिची रेकॉर्ड म्हणजे काय? आमच्या घरावरून रोज विमान जातं. म्हणून मी माझं विमान म्हणतो का?"

यावर काकू चहाचे कप उचलून आत जात. कप प्रत्येक वेळी अर्धे भरलेलेच असत. काकांना ते कप दिसत. दादांना एकदा तरी हिचा आवाज वेगळा काढून ऐकवायचा, हे त्यांनी तेव्हापासून मनाशी धरलं होतं. कसा, ते ठाऊक नव्हतं.

मग एक जुनं हॉटेल बंद झालं. तिथली लिफ्ट काकांनी वर्षानुवर्षं सांभाळली होती, म्हणून मालकानं दिवाणखान्यातली रेकॉर्ड वाजवायची चांगली मशीन आणि लाकडी स्पीकरची जोडी त्यांना देऊन टाकली. रिसीव्हर तेवढा जळून गेलेला होता. रिसीव्हर म्हणजे मधलं यंत्र. सुई एका टोकाला फिरते, आवाज दुसऱ्या टोकाला येतो, आणि मधला सगळा कारभार याच्याकडे असतो. तो नसला की मशीन नुसती गरगरते आणि स्पीकर त्यावर फुलदाणी ठेवायच्या कामाचे.

त्या निमित्तानं काकांनी रेकॉर्डचं कव्हर पुन्हा वाचलं. कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलं होतं, 'स्टीरिओ'. म्हणजे काही जणी डावीकडून गात होत्या आणि काही उजवीकडून. काकांनी कव्हर उलटं केलं. फोटोत काकू अगदी डाव्या टोकाला उभ्या होत्या. काकांनी त्याच दिवशी बूट घातले.

दुकानात काकू बरोबर होत्या, कारण दोघांनी ठरवलेला आकडा त्यांच्या पर्समध्ये होता आणि तिथं तो सुरक्षित होता. चष्मा दोरीला बांधलेल्या विक्रेत्या बाई पुढं आल्या.

"किती वॉटचा हवा?"

"खोली लहान आहे आमची."

"तरी जास्त वॉटचा घेतलेला बरा."

"बाई, चार माणसांच्या लिफ्टला मालगाडीचं इंजिन लावलं तर माणसं लवकर पोचत नाहीत. छताला लागतात."

बाईंनी मग पाच स्पीकरचा संच दाखवला. "यातले दोन तुमच्या पाठीमागे लागतात."

"पाठीमागे कपाट आहे."

"कपाटावर ठेवा."

"कपाटावर सुटकेस आहे. सुटकेसवर हिच्या दादांनी दिलेला टेबलफॅन आहे."

"तो हलवा."

"दादा अजून येतात हो घरी," काकू म्हणाल्या.

बाईंना परिस्थिती समजली. त्यांनी दोनच स्पीकरचे रिसीव्हर काढले. काकांच्या अटीही दोनच होत्या. रेकॉर्डसाठी वेगळं भोक हवं, कारण सुईतून येणारा आवाज इतका नाजूक असतो की त्याला स्वतंत्र दार लागतं, आणि स्वस्तातल्या बऱ्याच यंत्रांनी ते दार बुजवून टाकलेलं असतं. आणि बॅलन्सचं बटण हवं: डावीकडे पिळलं की डावी बाजूच वाजेल, उजवीकडे पिळलं की उजवी.

"बॅलन्स यातही आहे," निळ्या दिव्यांच्या एका चकचकीत यंत्राकडे बोट करत बाई म्हणाल्या. "रिमोटवर मेनू, मेनूत सेटिंग, सेटिंगमध्ये ऑडिओ, त्यात खाली गेलं की..."

"लिफ्टमध्ये तळमजल्याचं बटण असं ठेवलं असतं," काका म्हणाले, "तर माणसं अजून वरच असती."

बाई हसल्या नाहीत, पण खाली वाकल्या. सगळ्यात खालच्या फळीवरून त्यांनी एक काळा, साधा रिसीव्हर ओढून काढला. मागच्या वर्षीचा नग, कोपरा थोडा चेपलेला, दिवा एकच. पुढं चार बटणं होती, चारही बोटांनी फिरवायची. काकांनी डोळे मिटून शेवटचं बटण डावीकडून उजवीकडे नेलं. बरोबर मधोमध बोटांना बारीकसं 'टक्' लागलं, आणि लिफ्ट मजल्याला चपखल लागावी तसं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर पसरलं.

"कोपरा चेपलाय," बाई प्रामाणिकपणे म्हणाल्या.

"कोपऱ्यातून आवाज येतो का?"

काकूंनी किमतीची चिठ्ठी उलटून पाहिली आणि पर्सची चेन उघडली. "डोळ्यात जाणारे दिवे नाहीत, ते बरं," त्या म्हणाल्या.

घरी काकांनी दोन्ही स्पीकरवर लेव्हल बघायची पाणसळ ठेवून पाहिली आणि एकाच्या खाली पुठ्ठ्याची घडी सारली. खुर्चीची जागा दोन्हीपासून सारख्या अंतरावर मोजून फरशीवर खडूची खूण केली. रेकॉर्ड लावली, बटण पार डावीकडे नेलं आणि बसले.

डाव्या स्पीकरमधून मोजक्या बायका गाऊ लागल्या आणि त्यांच्यात एक आवाज स्वच्छ, उंच, सगळ्यांच्या वर तरंगत होता. ओळ संपली तरी तो संपेना. काकांनी डोळे मिटले. काकू स्वयंपाकघराच्या दारात ओले हात पुसत उभ्या राहिल्या, नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या, आणि आत गेल्या.

पुढचे काही दिवस इमारतीत कोणाची सुटका नव्हती. पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर खडूच्या खुणेवर बसून गेले. कोणी त्यांना खुर्चीत बसवण्याची त्यांची ही पहिलीच वेळ असावी. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या ताई येऊन गेल्या. "काय आवाज हो काकू, काचेसारखा," ताई म्हणाल्या. "हो, छानच आहे," काकू म्हणाल्या. 'माझा' असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

रविवारी दादा आले. आधी त्यांनी कपाटावरचा टेबलफॅन जागेवर असल्याची खात्री केली, मग खडूच्या खुणेकडे पाहिलं.

"खुर्ची हलली तर दंड आहे का, जावईबुवा?"

"बसा, दादा. आणि नुसतं ऐका."

काकांनी बटण डावीकडे पिळलं. आवाज आला, उंच गेला, ओळीच्या शेवटी तरंगत राहिला. काकांनी दादांकडे पाहिलं. दादा कपाळाला आठ्या घालून ऐकत होते.

"कोण ही?"

"कोण म्हणजे काय?"

"ही आमची नव्हे," दादा म्हणाले. "आमची शेवटाला अशी लोंबकळत नाही. आणि इतकं वर तर ती भांडतानाही जात नाही."

काकांनी सुई उचलली. "अगं," ते म्हणाले. ते स्वयंपाकघराच्या दाराकडे वळले.

"चार नंबर आहे ती," काकू दारातून म्हणाल्या. "चौथ्या बोर्डावर बसायची. शेवटचा सूर सोडायचीच नाही. बाकीच्या जणी पाणी प्यायला निघाल्या तरी बाई तिथंच."

"पण फोटोत तू डावीकडे आहेस."

"फोटो नंतर काढला, जिन्यावर, उंचीप्रमाणे. गाताना उंच आवाजाच्या सगळ्या डावीकडे होत्या आणि खालच्या आवाजाच्या आम्ही चौघी उजवीकडे."

"मी अख्ख्या इमारतीला ऐकवून बसलो. तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतके खूश होतात," काकू म्हणाल्या. "आणि खालचा आवाज ऐकायला कोण बसतं? म्हटलं, चाललंय ते चालू दे."

इतक्या वर्षांचा संसार, आणि बायको म्हणून काकांनी परक्याच बाईला दाद दिली होती, तीही दादांसमोर. दादांना आयुष्यात इतकं कमी भरलेलं माप सापडलं नसेल. ते आता काय बोलणार, याची तयारी काकांनी मान खाली घालून केली.

"उजवीकडे लावा," दादा एवढंच म्हणाले.

बटण मधोमध 'टक्' करून पलीकडे गेलं. सुरुवातीला तर काहीच कळेना. गाण्यातून गाणंच काढून घेतल्यासारखं वाटत होतं. चाल कुठं दिसेना, नुसतं काहीतरी खालून सरकत होतं. मग त्या चौघींतल्या तिघींनी श्वास घेतला आणि एकीनं घेतला नाही. ती तशीच सपाट, भरदार, न हलता पुढं गेली, आणि तिघी परत येऊन तिच्यावर अलगद टेकल्या. पुढच्या ओळीला पुन्हा तेच. काकांनी या वेळी डोळे मिटले नाहीत. ते फरशीकडे बघत होते, लिफ्टमधून बाहेर पडताना बघतात तसे.

"दादा," ते हळू आवाजात म्हणाले, "लिफ्टमध्ये बसणाऱ्याला केबिन तेवढी दिसते. भिंतीपलीकडे तिच्या तोलाचं एक वजन असतं. ही वर चालली की ते खाली येतं, ही खाली आली की ते वर. ते कोणी बघत नाही. पण ते नसेल तर मोटर कितीही वॉटची आणा, काही खरं नाही. हे ते वजन आहे."

वजनाचं नाव निघाल्यावर दादा सरळ होऊन बसले.

"आई वर गायची आणि ही खाली धरायची," ते म्हणाले. "ही शाळेत गेलेली असली की आई भरकटायची. मग म्हणायची, जाऊ दे, ती आल्यावर म्हणू." ते थोडा वेळ ऐकत राहिले. "भरलं," ते म्हणाले. "पूर्ण भरलं."

नोकरीत हे शब्द दादांनी किती दुकानदारांना ऐकवले असतील, कल्पना नाही. बहुधा फार नसावेत.

काकू पुढं आल्या. त्यांनी स्वतःच्या हातानं बटण फिरवून मधोमध आणलं. टक्. चार नंबर वर गेली, खालच्या चौघी खाली राहिल्या, आणि खोलीभर अकरा जणी उभ्या राहिल्या.

"आता असंच राहू दे," काकू म्हणाल्या. "बाकीच्या दहा जणीही कामावरून दमूनच आल्या होत्या." मग त्यांनी कप उचलले. दादांचा रिकामा होता.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी ज्यांना ज्यांना चुकीचा आवाज ऐकवला होता त्या सर्वांना परत बोलावलं. खडूची खूण पुन्हा ठळक केली.

"मागच्या वेळी दुसरी बाजू होती ना?" दातांच्या डॉक्टरांनी भीत भीत विचारलं.

"मागच्या वेळी लिफ्ट चुकीच्या मजल्यावर थांबली होती," काका म्हणाले. "बसा."

शेवटी ताई आल्या. त्यांनी उजवी बाजू पूर्ण ऐकली, मग डावी मागून घेतली, आणि सुईत दोरा ओवावा तशा एकाग्रतेनं दोन्ही पुन्हा ऐकल्या.

"खरं सांगू का काकू," त्या ओशाळून म्हणाल्या, "मला तो वरचाच जास्त आवडतो."

"आवडणारच," काकू म्हणाल्या. "तो वर राहिलाय, कारण खाली मी होते."