पाच पाहुण्यांची वर्दी

बुधरीबाईचं हॉटेल धारपाण्याच्या गुहेच्या अगदी समोर आहे. हॉटेल म्हणजे चार लाकडी बल्ल्या, वर टिनाचे पत्रे, एक भट्टी आणि दोन बाकं. जिवतीच्या डोंगरातली ही चुनखडीची गुहा पाहायला हिवाळ्यात बरीच माणसं येतात. गाड्या खाली डांबरी रस्त्यावर ठेवायच्या आणि दीडशे पायऱ्या चढून यायचं. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दुकानं आहेत. सीताफळांचे ढीग, चारोळी, मोहफुलांचे लाडू, बांबूच्या टोपल्या, आणि अलीकडे प्लॅस्टिकच्या बंदुका नि काळे चष्मेही. सगळ्यात वर बुधरीबाई. तिच्याकडे चहा, आलुबोंडा, तर्रीपोहा मिळतो. आधी सांगून ठेवलं तर ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजीही मिळते.

मी सावली गावच्या एका महाविद्यालयात मुख्य लिपिक आहे. येत्या जूनमध्ये निवृत्त होईन. बुधरीबाईची आणि माझी ओळख तीन वर्षांची.

डिसेंबर २०२१ मध्ये आम्ही पाच जण तिथं गेलो होतो. मी, माझी पत्नी रुखमा, मुलगा प्रफुल्ल, सून रंजीता आणि चार वर्षांची नात दिव्या. पायऱ्या चढून धाप लागली होती. मी चहा सांगितला तेव्हा भट्टीमागची बाई म्हणाली, "साहेब लोकं वर येते आन् चहा मांगते, पानी कोणी मांगत नाई. धाप चहानं जाते का जी?" रुखमा हसली. दोघींचं तिथंच जमलं.

गुहा दाखवायचं काम तिचा नवरा कोलू करायचा. पन्नाशीचा, काटक, बोलका माणूस. तोंडाशी आल्यावर त्यानं आम्हाला थांबवलं, चपला काढायला लावल्या आणि आतल्या अंधाराकडे तोंड करून मोठ्यानं सांगितलं, "पाच पाहुणे येऊन राह्यले." मला वाटलं, हौशी लोकांसाठी केलेली करामत असेल.

आत लोखंडी कठडे आणि लाल-हिरवे दिवे लावले होते, तरी कोलूनं आपला टॉर्च विझवला नाही. छतातून एक दगडी सुळका खाली आला होता आणि जमिनीतून एक वर. मध्ये बोटभर फट.

"वरची सासू, खालची सून," तो म्हणाला. "हजारो वर्सं झाले, एक बोट अंतर काई मिटत नाई."

"भेटल्या तर?" रंजीतानं विचारलं.

"भेटल्या तर खांब होते बाई. मंग पाहाले कोन येईन?"

त्यानंतर दहा-बारा पावलांवर रुखमाला घेरी आली. ती खाली बसली आणि बोलेना. कोलूनं मला विचारलं नाही की कोणाची वाट पाहिली नाही. तिला पाठीवर घेतलं आणि त्या ओल्या, निसरड्या वाटेनं बाहेर आणलं. बुधरीबाईच्या बाकावर तिला निजवून तो तसाच अनवाणी पायऱ्या उतरत धावला. खाली एखादी जीप थांबवतो, म्हणाला.

बुधरीबाईनं रुखमाचं डोकं मांडीवर घेतलं. लिंबाचं सरबत चमच्यानं पाजलं. पंधरा-वीस मिनिटांत रुखमा उठून बसली. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, एवढंच झालं होतं. जीपची काहीच गरज नव्हती. "भाकर देऊ का टाकून?" बुधरीबाईनं विचारलं. रुखमा म्हणाली, "आता नको. पुन्हा येईन तेव्हा तुझ्या हातची भाकर खाईन."

कोलूला परत बोलवायला मी खाली गेलो. वळणावर माणसं जमली होती. एक गाडी त्याला उडवून न थांबता निघून गेली होती. तो जागीच संपला होता.

वर जाऊन बुधरीबाईला मीच सांगितलं. सांगणारं दुसरं कोणी नव्हतं.

महिनाभरानं मी एकटा पुन्हा गेलो. काही मदत करावी असं मनात होतं. बुधरीबाईनं ती घेतली नाही. म्हणाली, "तुमी पाची जन एकडाव या भाऊ. दुसरं काई नोको."

कारण मला गुड्यावरच्या लच्छूनं सांगितलं. तो त्या गुहेचा म्हातारा पुजारी. गुडा म्हणजे तिथली वीस-पंचवीस घरांची वस्ती. त्या घरांचा देव गुहेत आहे. आत पाहुणा न्यायचा तर देवाला वर्दी द्यायची, किती जण आले. बाहेर आणलं की पुन्हा वर्दी द्यायची, तेवढेच निघाले. गुड्यावरच्या माणसाला देव ओळखतो, त्याची वर्दी लागत नाही, पाहुण्याची लागते. त्या दिवशी कोलूच्या पाठीवर रुखमा होती. बाहेरची वर्दी द्यायची राहिली.

"ज्यानं पाहुनं नेलं, त्याच्यावर त्यायचा भार," लच्छू म्हणाला. "भार उतरल्याबिगर त्याच्या नावाचा दगड उभा नाई करता येत. आन् दगड नाई झाला तं तो आमच्या बापजाद्यात मिसळत नाई. ना इथं, ना तिथं."

"मग आता?"

"पाची पाहुनं त्या तोंडासमोर उभे राह्यले, तं त्याची बायको वर्दी देऊ शकते. पन तेच पाची जन पाह्यजे."

एवढीच गोष्ट होती. पाच माणसांनी एका दिवसासाठी तिथं जायचं. सावलीहून चार तासांचा रस्ता.

आम्ही गेलो नाही. त्या वर्षी मार्चअखेर आली. मग प्रफुल्लची रजा मंजूर झाली नाही. मग महाविद्यालयाची तपासणी, मग दिव्याचा शाळाप्रवेश, मग माझी निवडणुकीची ड्युटी. रुखमाही कचरत होती. "माझ्यापायी त्या बाईचा माणूस गेला, तिला तोंड कसं दाखवू?" म्हणायची. मीही जोर केला नाही. दर हिवाळ्यात एकटा जायचो, आलुबोंडा खायचो आणि पुढची तारीख सांगून यायचो.

बुधरीबाईनं मला कधी दोष दिला नाही. तिची एकुलती मुलगी आदिलाबादकडे दिली आहे. ती आईला घेऊन जायला दोनदा आली. बुधरीबाई गेली नाही. "पाहुने आले आन् मी नाई, तं वर्दी कोन देईन?" पहाटे उठून गुहेसमोरची जागा झाडायची, भट्टी पेटवायची, पायऱ्यांवरून चढणाऱ्या प्रत्येक टोळीकडे एकदा नीट बघून घ्यायचं. शेजारची बांबूवाली मंगली तिला चिडवायची, "बाई, सावलीवाले दिसते काय वं? का त्यायच्या गावातून पायऱ्याच नाई निंघत?" बुधरीबाई हसायची आणि बोंडे तळायची.

जून २०२४ मध्ये रुखमा गेली. दुपारी जेवून आडवी झाली आणि उठली नाही.

सगळे विधी आटोपल्यावर एका रात्री मला बुधरीबाई आठवली. माझ्या घरातल्या दुःखानं तिचाही रस्ता बंद झाला होता. हे तिला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. त्याऐवजी कचेरीत आयुष्यभर जे केलं तेच केलं. कमी पडलेलं भरून काढायचं ठरवलं.

रुखमाची धाकटी बहीण गुणा मूल गावी असते. तोच चेहरा, तीच ठेवण. अनोळखी माणूस हटकून फसायचा. मी तिला म्हटलं, एका बाईचं काम होईल, तिच्या नवऱ्याचा दगड उभा राहील, तू फक्त उभी राहा. प्रफुल्लला ते पटलं नाही. "बाबा, हे बरोबर नाही," म्हणाला. मी म्हटलं, "आपण कोणाचं नुकसान करत नाही." दिव्याला घरीच समजावलं की तिथं काही बोलायचं नाही. शेवटी गुणा कबूल झाली. लच्छूच्या नातेवाइकाच्या फोनवर मी निरोप दिला, की आम्ही पाचही जण येतो.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही पोचलो. पायऱ्यांवर गर्दी होती. वर मात्र बुधरीबाईनं भट्टीवर चहा ठेवलाच नव्हता. बाकं धुऊन ठेवली होती. ती नवं हिरवं लुगडं नेसली होती. लच्छू आणि गुड्यावरची चार जुनी माणसं गुहेच्या तोंडाशी बसली होती.

गुणाला पाहून ती पुढं आली. तिनं तिचे दोन्ही हात धरले आणि बाकावर बसवलं. "चक्कर येत नाई ना बाई आता?" गुणानं मान हलवली. बुधरीबाईनं भट्टीमागून फडक्यात गुंडाळलेली भाकर आणली. पळसाच्या पानावर अंबाडीची भाजी वाढली, वर तेल सोडलं.

"पह्यले जेवा," ती म्हणाली. "वर्दी मंग देऊ. तुमी म्हटलं होतं, पुन्हा येईन तं भाकर खाईन. मी दर हिवाड्यात जवारी ठेवली तुमच्यासाठी."

मी गुणाला सगळं सांगितलं होतं, हे मात्र सांगायचं राहिलं होतं. तिनं भाकरीचा तुकडा मोडला. तो तोंडाजवळ नेला, खाली ठेवला आणि पदरात तोंड खुपसून रडायला लागली. "मी ती नाही हो," म्हणाली. "मी तिची बहीण. ताई गेली माझी."

  बुधरीबाईनं गुणाकडे पाहिलं, मग रंजीताकडे, मग माझ्याकडे.

"केव्हा गेली बाई?"

"जूनमध्ये."

"सात महिने झाले." तिनं बोटांवर मोजलं. "कोलू गेला तवा तुमी सोता वर येऊन मले सांगतलं होतं, भाऊ. बाई गेली तं मले काऊन नाई सांगतलं? मी आली असती."

 ती येईल, आमच्या अंगणात येऊन रुखमासाठी रडेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिला पाच हा आकडा हवा आहे, एवढंच मी समजत होतो.

ती गुणाजवळ जमिनीवर बसली आणि तिला धरून मोठ्यानं रडली. नवरा गेला त्या दिवशी मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मंगलीही दुकान सोडून येऊन बसली.

बऱ्याच वेळानं लच्छू उठून आला. "बुधरी, चार तं आहेत," तो हळू म्हणाला. "पाचवी बाहेर येऊन मेली, आत नाई. चाराची वर्दी देऊन पाहू. पंचाले मी समजावतो. दगड होऊन जाईन."

बुधरीबाईनं डोळे पुसले. गुहेच्या तोंडाकडे पाहिलं. तिनं ज्यासाठी तीन वर्षं हा डोंगर सोडला नाही, ते तिच्यापासून एका शब्दावर होतं.

"नाई काका," ती म्हणाली. "चार म्हटलं तं बाई आतच राह्यली असं होते. पाठीवर घेऊन आनलं होतं त्यानं तिले."

"मंग कोलूचं?"

"राहू द्या."

लच्छू तिच्याकडे पाहत राहिला. मग त्यानं जुन्या माणसांना उठायची खूण केली आणि ते सगळे गुड्याच्या वाटेला लागले.

मी जवळ गेलो.  तिनं पानावरची भाकर दिव्यापुढं सरकवली, तिच्यासाठी भाजीवरचं तेल बाजूला केलं आणि मला म्हणाली, "बसा भाऊ. बाईचं सांगा. शेवटी तरास झाला का तिले?"

मी बाकावर बसलो आणि त्या दुपारपासून सगळं सांगायला लागलो.