कोपरा फाडलेला पास

हातातली काठी वाटेवर आडवी धरून मामा विचारत, "पास?" कागद पाहून झाला की तीच काठी बाजूला घेत आणि म्हणत, "पास!" प्रश्नही तोच, उत्तरही तेच.

संस्थानी अमलात राजगडाच्या पायथ्याला, गुंजवण्याच्या बाजूला जंगलखात्याचा एक नाका होता. मी तिथला नवाकोरा कारकून, ते जुने पहारेकरी. मी त्यांना मामा म्हणायचो. इंग्रजीतला हा एकच शब्द मामांना येत होता, पण त्याला त्यांनी कधी रिकामं बसू दिलं नाही. आजारी वासरू उठून उभं राहिलं की "वासरू पास झालं." सोयरीक जमली की पोरगी पास. कुणी वारलं तर हळू आवाजात, "म्हातारी पास झाली बगा." मी केलेली आमटी चाखून मात्र ते मान हलवत. "भाऊसाहेब, ही काय पास न्हाई." चार बुकं शिकून आलेला मी, पण या शब्दाचे इतके उपयोग मला कुठल्या मास्तरांनी शिकवले नव्हते. तुमच्याही पाहण्यात असा एखादा असेल, एका शब्दावर जन्म काढणारा.

गोम अशी की मामांना अक्षरओळख नव्हती. पास मी लिहून द्यायचो, लोक रानात जायचे आणि परतताना मामा ते तपासायचे. पास तीन तऱ्हेचे: गवताचा, जळणाचा आणि बांबूचा. मी आलो त्याच महिन्यात जळणाच्या पासावर एकजण बांबूचा भारा घेऊन निघून गेला. मामा घाबरून माझ्याकडे आले. "भाऊसाहेब, चाकरी जाईल वो माजी. ह्या वयात भाताच्या खाचरात वाकायला कंबर न्हाई ऱ्हायली."

मग मीच युक्ती काढली. जळणाच्या पासाचा एक कोपरा फाडायचा, गवताच्या पासाचे दोन, बांबूचा कागद अखंड ठेवायचा. मामा अंगठ्याने कोपरे चाचपत आणि वाचल्यासारखा गंभीर चेहरा करत. त्यानंतर तीन वर्षांत एकही भारा चुकला नाही.

एकदा तपासणीला साहेब आले. मोळीवाल्या बायकांच्या हातातले पास पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"सरकारी कागद कोण फाडतं?"

"मी," एवढंच म्हणायचं होतं. पण माझ्या बढतीची शिफारस त्यांच्याच हातात होती. मी म्हणालो, "कल्पना नाही, साहेब."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मग हात जोडून ते म्हणाले, "म्याच फाडतो, साहेब. वाचाया येत न्हाई, म्हून खूण केली."

त्याच दिवशी त्यांचा चाकरीचा पट्टा उतरवून त्यांना घरी पाठवलं. मला बढती मिळाली, भोरला बदलीही झाली. मी भेकडासारखा वागलो. घरचा प्रपंच, म्हातारी आई, अशी कारणं मनाला पुष्कळ देऊन पाहिली. ती खरी होती, पण पुरी पडली नाहीत.

पाच-सहा वर्षांनी कामानिमित्त त्या बाजूला गेलो, तेव्हा माफी मागायचीच असं ठरवून त्यांच्या वाडीवर चढलो. मामांची बायको अंगणात करडांना पाला घालत होती. मामा आदल्या पावसाळ्यात गेले होते.

"तुमी नाक्यावरलं भाऊसाहेब न्हवं?" मामी म्हणाल्या. "बसा. तुमचं नाव लई काढायचं. म्हनायचं, भाऊसाहेब हुतं म्हून चाकरी टिकली."

"मग सोडली का, ते काही बोलले?"

"गुडघं धरलं न्हवं का त्यांचं? आपनच सोडली म्हनं."

त्यांनी ताक आणून दिलं. सांगायची वेळ हीच होती, ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं. मी ताक प्यायलो, चांगलं झालंय म्हणालो आणि उतरणीला लागलो.