टेम्पोखालचं पाणी
पनवेलच्या मासळी बाजारात बर्फाचं पाणी चपलेत शिरलं, की मला द्रोणागिरीचं ते कोल्ड स्टोरेज आठवतं. तिथले कॉम्प्युटर मी सांभाळायचो. एका दुपारी वीज गेली, यूपीएसनेही दगा दिला आणि वर्षानुवर्षं अखंड चालणारा सर्व्हर बंद पडला. वीज आली, पण डेटाबेस सुरू होईना; ‘शेअर्ड मेमरी मिळत नाही’ एवढंच पडद्यावर येई. नोंदीशिवाय माल आत घेता येत नव्हता आणि बाहेर करंजाचा एक कोळी कोळंबीचा टेम्पो घेऊन उभा होता. टेम्पोतून वितळत्या बर्फाचं पाणी टपटपत होतं. “नवी रॅम मागव!” मॅनेजर ओरडले. पण रॅम अर्धी रिकामीच होती. शेवटी सापडलं: डेटाबेसला द्यायच्या मेमरीची मर्यादा कुणीतरी पूर्वी चालू मशीनवरच वाढवली होती, कायमची केली नव्हती, मशीन बंद पडताच ती पहिल्यासारखी झाली. मी ती वाढवली, कायमची केली, डेटाबेस सुरू झाला. पण दिवे अजून लुकलुकत होते. “वीज पुन्हा गेली तर हे आपणहून उठतंय का, ते मशीन एकदा बंद करून बघायला हवं,” मी म्हणालो. “वेड लागलंय का?” मॅनेजर म्हणाले. कोळी दारात आला. “परत चालू नाय झाला तर?” “व्हायला पाहिजे,” मी म्हणालो. त्याने माझ्या थरथरत्या बोटांकडे पाहिलं. “बग करून.” पडदा काळा झाला, टपटप तेवढी ऐकू येत राहिली. मग सगळं आपणहून सुरू झालं. बोटं थरथरताना पाहूनही तो हो कसा म्हणाला, हे कोडं मला बरीच वर्षं होतं. आता वाटतं, मी छाती ठोकून सांगितलं असतं, तर त्याने मला बटणाला हात लावू दिला नसता.