पंचकाकांचा चुकलेला निर्णय

पंचकाका चालताना रेषेवर कधीही पाय देत नसत. परदेशातल्या आमच्या स्कोफिल्ड्स उपनगरातल्या नव्या वस्तीत फूटपाथवर दर पाच फुटांवर सिमेंटचा सांधा. काका प्रत्येक सांध्यापाशी पाऊल जरा लांबवत किंवा आखडत. चाळीस वर्षं कबड्डीचे पंच होते, त्यामुळे रेषेवर पाय म्हणजे बाद हे पायांनाच पाठ झालेलं. वस्तीतली गोरी मंडळी पडद्याआडून कुतूहलाने बघायची.

शेजारच्या मंजिरीचे हे वडील. सहा आठवड्यांसाठी सांगलीहून आले आणि करोनाने सीमा बंद झाल्या. विमानं रद्द. काकू तिकडे एकट्या, त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशनही लांबलेलं. परतीच्या खास विमानासाठी काकांनी नाव नोंदवलं होतं. तीनदा यादी लागली, तीनदा यांचं नाव नाही. त्यावर ते एवढंच म्हणत, "थांबायचं. शिट्टी आपल्या हातात नाही."

समोरच्या मैदानात ब्रेट नावाचा दाढीवाला सुतार रोज एकटाच लांबट चेंडू लाथाडायचा. अमेरिकेत जाऊन त्यांच्या फुटबॉलमध्ये निव्वळ चेंडू उंच मारायचं काम मिळवायचं, हे त्याचं स्वप्न. तोही अडकलेलाच. त्याने एकदा फोनवर काकांना एक सामना दाखवला आणि काका थक्क झाले. चेंडू आकाशातून पडला, घरंगळत गेला, आणि धटिंगण माणसं त्याच्याभोवती नुसती उभी!

"व्हाय नोबडी टच?" काकांनी विचारलं.

"टू रिस्की, मेट!" ब्रेट म्हणाला.

मग काका हात धुऊन त्या नियमांच्या मागे लागले. नातवाच्या वहीत आकृत्या काढल्या. मी घरून काम करत असायची, कुंपणापलीकडून हाक यायची, "अगं, ऐक! ज्यांच्याकडे चेंडू मारलाय, त्यांनी तो पडू दिला तर चेंडू त्यांचाच. पण त्यांच्यापैकी कुणाला तो नुसता चाटून गेला तरी जिवंत होतो. मग मारणाऱ्यांनी उचलला तर मारणाऱ्यांचा. म्हणजे शहाणा माणूस लांब उभा राहतो. हे लोक आधीपासूनच अंतर पाळतायत की!"

निर्बंध जरा सैल झाले तेव्हा मैदानात सामना ठरला. ब्रेट आणि मंजिरी मारणार, मी झेलणार, काका पंच, गळ्यात सांगलीहून आणलेली शिट्टी. कबड्डीचा पंच परगावी शिट्टीशिवाय जात नाही म्हणे. चेंडू टप्पा खाऊन माझ्या नडगीला घासून गेला. मंजिरीने झडप घालून तो उचलला. शिट्टी वाजली आणि काकांचा हात माझ्या बाजूला गेला. "हिने कुठे हात लावला? तो येऊन लागला!" काका म्हणाले. ब्रेट कुरकुरला. मी जिंकल्याच्या आनंदात गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका दारात हजर. इस्त्रीचा पांढरा शर्ट, तोंडाला मास्क, चार हात लांब उभे.

"निर्णय चुकला माझा. चाळीस वर्षं पोरांना सांगत आलो, स्पर्श तो स्पर्श, कुणी कुणाला केला हे विचारायचं नाही. काल तू एकटी आणि समोर दोघं, म्हणून माझा हात तुझ्याकडे गेला. चेंडू ब्रेटचा होता."

"काका, मेसेज केला असता तरी चाललं असतं."

"नाही. चूक फोनवर कबूल केली तर निम्मीच कबूल होते. समोर उभं राहावं लागतं." तसेच ते ब्रेटच्या दारात गेले. ब्रेट आधी हसला, मग मात्र टोपी काढून "थँक्स, काका" म्हणाला.

परत येताना ते माझ्या फाटकापाशी थांबले. "तुझ्या काकूने म्हटलं होतं, ऑपरेशन होऊ दे, मग दोघं जाऊ. मीच म्हटलं, तिकीट काढलंय, विषय संपला. तोही निर्णय चुकला. रोज फोन होतो, पण हे बोललेलो नाही. ते तिकडे जाऊनच बोलायचंय." मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की त्या यादीत हा माणूस काय शोधत होता.

चौथ्या यादीत त्यांचं नाव आलं. पंधरवड्यानंतर, विलगीकरण संपवून ते घरी पोचल्यावर काकूंचा फोन आला. "दारात उभे राहिले. हातातली बॅगसुद्धा खाली ठेवली नाही. म्हणाले, निर्णय चुकला माझा. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा!"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हटलं, आधी आत या, हातपाय धुवा."

पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत काका गेले. मंजिरीला जाता आलं नाही. काकू फोनवर एवढंच म्हणाल्या, "समोर येऊन बोलून गेले गं. मला पुरेल तेवढं." मी खूप रडले.

ब्रेटला मेसेज टाकायला फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. मास्क लावून मैदानात गेले, चार हात लांब उभी राहून सांगितलं. मग त्याने चेंडू उचलला आणि जीव खाऊन उंच मारला. चेंडू पडला, घरंगळला, माझ्यापासून वीतभर अंतरावर थांबला. मी हात लावला नाही. कडेच्या रेषेपलीकडे, जिथे काका उभे राहायचे तिकडे बघत, निर्णयासाठी आम्ही दोघं तसेच थांबून राहिलो.