साडू आणि सोळा लिफ्टर

कानवाले मिस्त्री आपल्या साडूवर जळत होते. ते जळणंही साधं नव्हतं. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल जास्त झालं की सायलेन्सरमधून जसा काळा धूर निघतो, तसं ते जळत. बाहेरून विचारलं तर म्हणायचे, "छे हो, चांगला माणूस आहे." आणि 'चांगला' म्हणताना हातातला पाना जरा जोरात टेबलावर ठेवायचे.

'कानवाले' हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनी दिलं होतं. इंजिनाचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे ठोकळे, बसवताना बाकीचे मिस्त्री फटीत फिलरची पातळ पाती सरकवून मोजमाप घेत. हे बॉनेटखाली मान घालत, डोळे मिटत आणि नुसत्या टकटकीवरून सांगत, "तिसऱ्याची फट केसभर जास्त आहे." ती केसभरच जास्त निघायची. या कानावर त्यांनी तीस वर्षं गॅरेज चालवलं. घरात मात्र बायकोने तीनदा हाक मारल्याशिवाय हा कान उघडत नसे, हा भाग वेगळा.

साडू म्हणजे मिस्त्रीणबाईंच्या धाकट्या बहिणीचे यजमान. जन्मभर उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केल्या, त्या घरघरीत एक कान गमावला, निवृत्त झाले आणि मिस्त्रींच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायला आले. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मिस्त्रींच्या स्वयंपाकघरातला गळका नळ नीट केला. तो नळ दोन वर्षं गळत होता. "बघा, भावोजींनी पाच मिनिटांत केला," असं मिस्त्रीणबाई म्हणाल्या, तो क्षण मिस्त्री विसरले नव्हते. नळ बंद झाला आणि यांच्या छातीत काहीतरी ठिबकायला लागलं.

मग साडू रोज गॅरेजमध्ये येऊ लागले. येताना स्वतःचं स्टूल घेऊन येत, कोणाला खुर्ची मागायला नको म्हणून. कधी फुशारकी नाही, कधी आगाऊपणा नाही. एकदा तरी त्यांनी बढाई मारली असती तर मिस्त्रींना केवढा आधार झाला असता!

त्यात दातांच्या डॉक्टरांची गाडी आली. वडिलांच्या वेळची, आठ सिलिंडरची, बोटीएवढी लांब. डॉक्टरांनी या गाडीला मिस्त्रींशिवाय कोणाचा हात लागू दिला नव्हता. या खेपेला इंजिन पूर्ण खोलून नव्याने बांधायचं होतं. आणि या इंजिनाचे टॅपेट हायड्रॉलिक होते, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे; त्यांनाच लिफ्टर म्हणतात. मिस्त्रींनी तसं इंजिन आतून कधी बांधलंच नव्हतं. अर्थात हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

साडूंनी मात्र गाडीसोबतचं जुनं पुस्तक दोन दिवसांत वाचून काढलं. सोळाही लिफ्टर खोलून, धुऊन, तेल भरून त्यांनी कपड्यावर ओळीने मांडले. डॉक्टर बघून म्हणाले, "वा! अगदी माझ्या कवळ्यांसारखे मांडलेत. मिस्त्री, तुमचे साडू फार नेटके हो!"

"लिफ्टवाले आहेत ना," मिस्त्री म्हणाले, "लिफ्टर त्यांच्या घरातलेच."

डॉक्टर हसले. साडूही हसले. मिस्त्रींनी हे हसण्यासाठी म्हटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅपेट बसवायला घेतले. साडू स्टुलावरून हळूच म्हणाले, "दादा, यात फट ठेवायची नसते म्हणे. लिफ्टरच्या आत तेलावर तरंगणारा छोटा दट्ट्या असतो. नट आवळत ढिलाई संपली की पुढे अर्धा फेरा द्यायचा, म्हणजे दट्ट्या थोडासा दबून राहतो. बाकी तो स्वतःच सांभाळून घेतो."

"माहीत आहे."

"आणि दादा, ढिलाई संपली का ते लिफ्टरवरची दांडी बोटांत फिरवून नका बघू. तेलाने बुळबुळीत झालेली असते, दट्ट्या दबायला लागला तरी फिरतच राहते. वरखाली हलवून बघायची."

"साडूभाऊ," मिस्त्री शांतपणे म्हणाले, "मी तीस वर्षं दांड्या फिरवतोय. तुम्ही लिफ्टची बटणं दाबत होतात तेव्हापासून."

साडूंनी मान डोलावली. ते बिचारे ऐकू न येणाऱ्या बाजूने बसले होते की ऐकूनही गप्प होते, कोण जाणे.

मग मिस्त्रींनी सोळाही दांड्या बोटांत फिरवल्या. फिरायची थांबली की ढिलाई संपली, असा त्यांचा हिशेब. तिथून पुढे पुस्तकाचा अर्धा फेरा सोडून त्यांनी पूर्ण दिला. वर पाव फेरा आपल्या अनुभवाचा. साडूंनी सांगितलं तेवढंच करायचं म्हणजे काय, आपली काही इज्जत आहे की नाही!

अकराला डॉक्टर आले. मिस्त्रींनी किल्ली फिरवली. इंजिन फिरलं, पण कसं? सुळसुळ, हलकं, एकसारखं. दर फेऱ्याला जो अडखळून दम घेतल्याचा आवाज यायला हवा, तो नाहीच. कॉम्प्रेशन नव्हतं, सिलिंडरमध्ये हवा दाबलीच जात नव्हती. मिस्त्रींच्या कानाने एका क्षणात निवाडा दिला: व्हॉल्व्ह मिटतच नाहीत, दट्टे तळाला टेकलेत, दांड्यांनी बोटांना खोटं सांगितलंय.

गॅरेजमध्ये हे ऐकू शकणारा कान एकच होता. साडूंचा अर्धा गेलेला, डॉक्टरांचा दातांचा.

"काय झालं हो?" डॉक्टर घाबरले.

आणि मिस्त्रींच्या तोंडून निघून गेलं, "लिफ्टर. धुताना काही राहिलं असेल आत."

डॉक्टरांनी साडूंकडे पाहिलं. साडू उभे राहिले. "माझंच चुकलं असेल," ते म्हणाले. "माफ करा डॉक्टर. दादांच्या कामात मी उगाच लुडबुड केली." त्यांनी स्टूल उचललं आणि निघून गेले.

"नवे मागवा," डॉक्टर म्हणाले, "आणि आता फक्त तुमचाच हात लागू द्या, मिस्त्री. मी संध्याकाळी येतो."

अगदी हेच ऐकायला मिस्त्रींचे कान गेले कित्येक दिवस टवकारलेले होते. ते ताठ मानेने जेवायला घरी गेले. मिस्त्रीणबाई ताट वाढताना म्हणाल्या, "अहो, भावोजी जेवले नाहीत म्हणे. डॉक्टरांच्या गाडीत माझ्या हातून घाण राहिली, असं माझ्या बहिणीला सांगत होते. मला नीट कळलं नाही. एवढ्या स्वच्छ माणसाच्या हातून घाण राहील होय?"

"राहते कधीकधी," मिस्त्री म्हणाले. त्यांनी ताट बाजूला सारलं. साडू भांडले असते तर सोपं होतं. माफी मागून या माणसाने पुन्हा वरचढ जागा पटकावली होती! मोठेपणातही पुढेच!

ते तसेच उठले, वरच्या मजल्यावर गेले आणि दार वाजवलं.

"चला खाली."

"दादा, मी नको—"

"लिफ्टर स्वच्छ आहेत. सुईण बाळ धुणार नाही इतके स्वच्छ. मी दांड्या फिरवून बघितल्या. वर पाऊणभर जास्त आवळलं, तुम्ही अर्धा म्हणालात म्हणून. आता कळलं? की दुसऱ्या कानात पुन्हा सांगू?"

साडू एवढंच म्हणाले, "चप्पल घालतो."

सगळे नट सैल केले. दट्टे वर यायला वेळ दिला. मग साडू दोन बोटांनी दांडी वरखाली हलवत, "आहे... आहे... थांबा, संपली," म्हणत, आणि मिस्त्री तिथून बरोबर अर्धा फेरा देत. सोळा वेळा 'थांबा' ऐकावं लागलं. बायकोचंसुद्धा त्यांनी एका दिवसात इतकं ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टर येताच मिस्त्रींनी एका दमात सांगून टाकलं, "लिफ्टर चांगले होते, चूक माझी होती, यांनी सांगितलेलं मी ऐकलं नाही." डॉक्टरांनी किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं.

"कमाल केलीत!" डॉक्टर साडूंचा हात धरून म्हणाले. "बसा पुढे. पहिला फेरा तुमच्याबरोबर."

साडूंनी मिस्त्रींकडे पाहिलं. "बसा हो," मिस्त्री म्हणाले, "चांगली सीट आहे." आणि पाना टेबलावर आपटला.

गाडी दारातून निघाली तेव्हा ते डोळे मिटून ऐकत उभे राहिले. टक, टक, टक. एक लिफ्टर वाजत होता! उजव्या बाजूचा, मागून दुसरा! मिस्त्रींचा चेहरा उजळला. म्हणजे सोळांपैकी एक तरी 'थांबा' साडूंनी चुकीच्या वेळी म्हटलं होतं. उद्या सकाळी सांगायचं, अगदी प्रेमाने सांगायचं. ते मनातल्या मनात वाक्य जुळवू लागले.

गाडी कोपऱ्यापर्यंत गेली. लिफ्टरमध्ये तेल भरलं आणि टकटक थांबली. आता इंजिन गुळगुळीत, एकसुरी गुणगुणत होतं. मिस्त्रींनी श्वास रोखून कान लावला, आणखी थोडा वेळ लावला.

काही म्हणता काही चूक नव्हती.