ओढणीची गाठ

तळेगावच्या बायकांच्या दवाखान्यात ती माझ्या शेजारी बाकावर बसली होती. तिकोणा पेठेहून आलेली, माझ्याच वयाची. पदराला गाठीच गाठी. "ही मिठाची, ही लेकीला फोन करायची. आन् ही कशाची, देव जाणं!" म्हणत ती खुदकन हसली.

मला हसू आलं नाही. वर्षभर मीही विसरत होते, माणसांची नावंसुद्धा. किल्ल्या मी हरवायचे आणि आळ नवऱ्यावर घालायचे. माझी आई शेवटी मलाच ओळखेनाशी झाली होती. आपलंही तसंच सुरू झालंय, ही भीती मी कुणालाच सांगितली नव्हती. तिला सांगितली.

"आवं ताई, डाक्टरीणबाईला सांगितलं का?"

"नाही. अंगातून वाफा येतात, एवढंच सांगते."

तिनं माझ्या ओढणीचं टोक ओढून घट्ट गाठ मारली. "आता इसरायचं न्हाई. आन् लपवायचं बी न्हाई."

आत गेल्यावर हात गाठीवर गेला आणि मी सगळं बोलले. तपासण्या झाल्या. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आईचा आजार नाही हा. वयात आल्यापासून मेंदूला इस्ट्रोजेन या हार्मोनची सवय असते. पाळी जाताना ते कमी होतं, तेव्हा असं विसरायला होतं. बहुतेकींचं हळूहळू सुधारतं."

घरी येऊन नवऱ्याला किल्ल्यांचं खरं सांगितलं. तो मोठ्यानं हुश्श करून म्हणाला, "म्हणजे मी विसरत नव्हतो?"

आम्ही दोघंही पोट धरून हसलो. त्या बाईचं नाव विचारायचं मात्र मी विसरले.