नाव आणि जन्मतारीख

व्हर्नेटा पिकेट चव्वेचाळिसाव्या वर्षी कॉलेजात जायला लागली तेव्हा निम्म्या गावाला वाटलं, ती तिथं साफसफाईच्या कामाला लागली. पेट्रोल पंपावर एकानं तोंडावर विचारलंच, "कुठला मजला दिला तुला?"

"सगळेच," व्हर्नेटा म्हणाली. "जिना चढता येतो मला."

मिसिसिपीच्या सपाट, कपाशीच्या मुलखातलं ते गाव. तिथल्या वृद्धाश्रमात व्हर्नेटानं एकोणीस वर्षं मदतनीस म्हणून काढली. म्हाताऱ्यांना उठवणं, भरवणं, धुणंपुसणं. कोण कुठल्या कुशीवर झोपतो, कोणाला मक्याची लापशी पातळ लागते, सगळं तिला पाठ. पण वॉर्डात डॉक्टर आला की तिच्या डोक्यावरून बघत बोलायचा. एकदा तिनं नव्या नर्सला सांगितलं, चार नंबरच्या बाबांचा श्वास आज बरोबर नाही. नर्स जेमतेम बावीस वर्षांची. म्हणाली, "तुम्ही चादरी बदला, बाकीचं आम्ही बघतो." दोन तासांत बाबांना अँब्युलन्समध्ये घालावं लागलं. बाबा वाचले. पण तुझं बरोबर होतं, असं व्हर्नेटाला कोणी म्हणालं नाही. तिलाही कोणाच्या तोंडून ते ऐकायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती कम्युनिटी कॉलेजात गेली आणि रजिस्टर्ड नर्सच्या दोन वर्षांच्या पदवीचा फॉर्म घेऊन आली.

प्रवेश परीक्षेत ती दोनदा आपटली, दोन्ही वेळा अपूर्णांकांनी घात केला. मग तिची मुलगी कियोशा हिनं फ्रिजचं दार गणितांच्या चिठ्ठ्यांनी झाकून टाकलं. "उत्तर सांगितल्याशिवाय दूध मिळणार नाही, मम्मा." व्हर्नेटानं आठवडाभर कोरी कॉफी प्यायली, पण अपूर्णांक बसवले. तिसऱ्या खेपेला पास झाली. प्रवेशाचं पत्र तिनं टपालपेटीपाशी उभ्यानं वाचलं, ओट्यावर बसून पुन्हा वाचलं, मग कियोशाला फोन केला. "यात तुझा काही चावटपणा असेल तर आत्ताच सांग."

वर्गात सगळ्या विशीतल्या पोरी. त्या तिला मिस व्हर्नेटा म्हणायच्या आणि बिछाना घालायला तिच्याकडून शिकायच्या. व्हर्नेटा त्यांच्याकडून कॉम्प्युटर शिकायची. सरावाच्या खोलीत रबराचा माणूस झोपवलेला असे. त्याच्याशी खऱ्या माणसासारखं बोलायचं, प्रत्येक गोष्ट मोठ्यानं सांगून करायची. पोरींना हसू आवरत नसे. व्हर्नेटा मात्र रबराच्या माणसाला विचारायची, "काय राजे, जेवण गेलं का?"

मास्तरीण होती मिसेस हॅथॉर्न. उंच, काळीसावळी, इस्त्रीची घडी कधी न मोडणारी. तिची आई आणि व्हर्नेटाची आई एका शेतात कापूस वेचायच्या. त्याबद्दल सूट काही मिळाली नाही. तिचा पहिला नियम असा होता की औषध देण्याआधी पेशंटनं स्वतःच्या तोंडानं नाव आणि जन्मतारीख सांगायची आणि ती मनगटावरच्या पट्टीशी जुळवून बघायची. दर वेळी, सख्खी आई असली तरी.

तिसऱ्या सत्रात, हॉस्पिटलमधल्या सरावाला, व्हर्नेटानं नेमका तोच नियम मोडला. पलंगावर मिस्टर डोझियर होते, सात वर्षं तिची शाळेची बस चालवलेले. हसतखेळत बोलणं झालं आणि तिनं गोळ्या हातावर ठेवल्या. बाहेर आल्यावर मिसेस हॅथॉर्ननं विचारलं, "कोणाला दिल्यास?"

"मिस्टर डोझियरना."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? त्यांच्या मांडीवर बसून मी स्टिअरिंग फिरवलंय."

"दोन खोल्या सोडून अजून एक डोझियर आहेत. त्यांचे भाऊ. तेच नाक, तेच टक्कल. खोल्यांची अदलाबदल झाली असती तर?"

व्हर्नेटाचं डोकं भडकलं. आठ महिन्यांपूर्वी बाहुल्याला सुई टोचायला शिकलेल्या पोरींच्या रांगेत आपल्याला उभं करतात याचा राग. पण घरी जाताना गाडीत तिला दुसरे डोझियर आठवले. अगदी तंतोतंत तेच टक्कल. तिच्या कागदावर लाल शेरा पडला. दुसरा लाल शेरा म्हणजे घरी. मग अपूर्णांक, फ्रिज, दोन वर्षं, सगळं पाण्यात.

त्यानंतर ती नाव आणि तारीख इतकी विचारू लागली की कियोशा जेवताना म्हणायची, "कियोशा पिकेट, एकोणीस ऑगस्ट. आता वाढतेस का?"

असं करत शेवटचं सत्र आलं, आणि त्याचा शेवटचा आठवडा. त्या सकाळी वाटणीला आलेला पेशंट होता मिस आर्झेला बंड्रंट.

मिस आर्झेला म्हणजे माउंट नीबो चर्चच्या अशर बायकांची मुख्य. पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे घालून दाराशी उभ्या राहणाऱ्या, लोकांना जागेवर बसवणाऱ्या या बायका. प्रार्थना चालू असताना त्यांनी तोंड उघडायचं नाही, सगळं हाताच्या खुणांवर. व्हर्नेटाला नऊ वर्षांची असताना त्या खुणा मिस आर्झेलानंच शिकवल्या, पाठीत दोन गुद्दे घालून. आणि अख्ख्या चर्चला ठाऊक होतं की मिस आर्झेलाचं वय विचारायचं नसतं. गेली कित्येक वर्षं ती एकोणऐंशीचीच होती. वाढदिवसाच्या केकवर एकच मेणबत्ती लागायची.

भाच्यानं सरकारी कार्ड दाखवून तिला भरती केलं होतं, त्यामुळे पट्टीवर खरं साल छापलेलं. व्हर्नेटा औषधांची गाडी ढकलत आत गेली तर पलंगाभोवती अशर मंडळाच्या पाच बायका. चर्चच्या रिवाजानं सगळ्या एकमेकींना सिस्टर म्हणायच्या. सगळ्यांत पुढे सिस्टर क्लोटी, जी हे वय कळावं म्हणून तीस वर्षं टपून होती. मिसेस हॅथॉर्न कागद घेऊन दारात उभी राहिली. नऊची हृदयाची गोळी, दहाच्या आत पोटात जायला हवी.

"गुड मॉर्निंग, मिस आर्झेला. नाव सांगा तुमचं."

"डोकं फिरलं का तुझं? तुझ्या नामकरणाला मीच तुला धरलं होतं."

"हो, मॅडम. तरी सांगा."

"आर्झेला मे बंड्रंट. झालं?"

"जन्मतारीख?"

पाचही बायकांनी कान टवकारले. मिस आर्झेलानं उशी सरळ केली. "तीन मार्च."

"साल?"

"मार्च पुरे आहे."

"नाही पुरत."

"अडतीस मग."

व्हर्नेटानं पट्टी बघितली. अडतीस नव्हतं, जवळपासही नव्हतं. "परत एकदा आठवा."

"मला खोटं ठरवतेस? गोळी दे आणि जा."

सिस्टर क्लोटी गोड आवाजात म्हणाली, "सांगून टाका हो, सिस्टर. आपलीच माणसं आहेत."

"बहिणींनो, जरा बाहेर थांबता का?" व्हर्नेटानं विचारलं.

"आम्ही प्रार्थनेला आलोय, बाळा," क्लोटी खुर्चीत आणखी रुतून बसली. "प्रार्थना झाली की जाऊ."

घड्याळात साडेनऊ झाले. गोळी हातावर ठेवणं किती सोपं होतं. या बाईला ती जन्मापासून ओळखत होती आणि पट्टीवरचं खरं सालही समोरच होतं. दारात मिसेस हॅथॉर्नच्या पेनाचं टोपण निघालं. तो आवाज व्हर्नेटाच्या पाठीच्या कण्यातून गेला. आणि कणा ताठ झाल्याबरोबर तिला दुसरंच काही आठवलं.

ती पलंगाच्या पायथ्याशी गेली. टाचा जुळवल्या. डावा हात मूठ करून पाठीमागे घेतला. उजवा हात छातीपर्यंत आणला आणि सपाट तळव्यानं दाराकडे वळवला. चर्चमध्ये या खुणेचा अर्थ एकच, उठा आणि रांगेनं चला.

चाळीस-चाळीस वर्षांची सवय. चार बायका विचार न करता उभ्या राहिल्या, पर्स सावरल्या आणि एकामागे एक निघाल्या. क्लोटीही उठली. कॉरिडॉरमध्ये पोचल्यावर तिच्या लक्षात आलं काय झालं ते, तोवर व्हर्नेटानं दार लावलं होतं. मिसेस हॅथॉर्न आतच होती, भिंतीकडे बघत.

मिस आर्झेलानं व्हर्नेटाचा हात निरखला. मग म्हणाली, "कोपर अजून खाली पडतो तुझा."

"हो, मॅडम."

"ये इकडे."

व्हर्नेटा वाकली. तिच्या कानात साल सांगितलं गेलं. पट्टीवर तेच होतं. व्हर्नेटानं पूर्ण मिनिट नाडी मोजली, गोळी दिली, पाणी दिलं. भुवईही हलवली नाही, पण मनातल्या मनात वजाबाकी केली आणि तिला या बाईचा जबर अभिमान वाटला. या वयात हिनं गेल्या रविवारी दोन तास दाराशी उभं राहून काढले होते.

बाहेर मिसेस हॅथॉर्ननं कागदावर लिहिलं आणि तो तिच्यापुढे धरला. शेरा काळ्या शाईतला होता. "पेशंटची गोष्ट पेशंटपाशीच ठेवलीस," ती म्हणाली. "हे मी शिकवू शकत नाही. आणि तो हात मलाही दाखव कधीतरी. माझा वर्ग ऐकत नाही."

मे महिन्यात कॉलेजच्या सभागृहात नव्या नर्सेसच्या कॉलरला कॉलेजची पिन लावण्याचा समारंभ झाला. परवान्यासाठीची राज्याची परीक्षा अजून व्हायची होती, पण या कार्यक्रमाला माणसं लग्नासारखी नटून येतात. जिनं-तिनं आपली पिन कोणाकडून लावून घ्यायची ते आपणच ठरवायचं. पोरींनी आया आणल्या, नवरे आणले. व्हर्नेटाचं नाव पुकारलं तसा कियोशानं हात दिला आणि मिस आर्झेला पायऱ्या चढली. पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे. तिसऱ्या रांगेत अख्खं अशर मंडळ बसलेलं.

मिस आर्झेलानं पिन हातात घेतली, पण लावेना.

"नाव सांग," ती म्हणाली. माइक चालू होता.

सभागृहात हसू पसरलं. "व्हर्नेटा जीन पिकेट."

"जन्मतारीख?"

तिनं दिवस, महिना आणि साल, तिन्ही खणखणीत आवाजात सांगितलं. कॉलर धरून मिस आर्झेलानं पिन लावली, कोपर वर ठेवून.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेत सिस्टर क्लोटी उभी राहून म्हणाली, "आता तुमची पण होऊन जाऊ दे, सिस्टर."

मिस आर्झेलानं नुसता हातमोजा घातलेला तळवा वर केला, आणि क्लोटी खाली बसली.